टिटवीची हजेरी

१६ नोव्हेंबर

ही वही मुळात बाद झालेली नोंदवही आहे. छापखान्याने रकान्यांची नावं उलटसुलट छापली म्हणून शंभर वह्या परत पाठवायच्या होत्या, त्या कपाटातच राहिल्या. त्यातली एक मी घरी आणली. ही म्हणाली, अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं टिपून घेतलंत, आता जरा स्वतःचं लिहा, म्हणजे एकतीस मार्चनंतर दिवसभर माझं डोकं खाणार नाही. निवृत्तीची धास्ती मला जास्त आहे की हिला, हे अजून ठरायचंय.

लोक विचारतात, लढाई नसते तेव्हा तुमची संदेश तुकडी करते तरी काय? खरं सांगायचं तर रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातला प्रकार. तारा उलगडायच्या, पुसायच्या, गुंडाळायच्या. बॅटऱ्या चार्ज करायच्या, न वापरता उतरल्या की पुन्हा चार्ज करायच्या. आणि हजेरी घ्यायची. रोज सकाळी आठला तळावरचा ऑपरेटर प्रत्येक ठाण्याला रेडिओवर हाक मारतो आणि आवाज कसा येतोय ते विचारतो. समोरचा म्हणतो, पाचपैकी पाच. ऑपरेटर ते वहीत लिहितो. समोरचाही आपल्या वहीत लिहितो. शांततेच्या काळात आमची सगळी देशसेवा या एका ओळीत मावते.

नव्या पोरांना सेट शिकवायचं काम माझ्याकडे, म्हणून तुकडीत मला मास्तर म्हणतात. मी त्यांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो. रकाना रिकामा ठेवायचा नाही. नवीन काही नसेल तर 'वरीलप्रमाणे' लिहा, पण लिहा. रिकामा रकाना दिसला तर तुम्ही मेलात असं मी समजेन. पोरं हसतात, पण लक्षात ठेवतात. हिचा धाकटा भाऊ माझाच विद्यार्थी. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, हिनेच वाढवला. कुठे टिकत नव्हता, मी तुकडीत आणला. आता चौतिशीचा आहे आणि डोंगरावरच्या ठाण्याचा प्रमुख आहे. प्रमुख म्हणजे तो, एक स्वयंपाकी आणि एक बॅटरीवाला. तिघांच्या राज्याचा राजा.

२ डिसेंबर

मेहुणा दोन दिवसांच्या सुट्टीवर आलाय. दाढी वाढवलीय. हिने आल्याआल्या त्याला आधी न्हाव्याकडे पिटाळलं आणि मग विचारलं, कसा आहेस.

जेवताना त्याने हळूच विषय काढला. डोंगराच्या माथ्यावर मनोरा, त्याच्या पायथ्याशी सेटची खोली, आणि राहायची खोली खाली आडोशाला. मधे एकशे ऐंशी पायऱ्या. थंडीत पायऱ्यांवर बर्फ धरतं. गेल्या आठवड्यात स्वयंपाकी घसरला, मनगट सुजलंय. आठच्या हजेरीसाठी कोणीतरी वर जाऊन मोठ्या सेटवरून उत्तर द्यायचं, बॅटरीची मापं सांगायची आणि परत उतरायचं, असा नियम आहे.

"दाजी, टिटवी ओरडतेच की," तो म्हणाला. "मग आम्ही कशाला वर चढायचं?"

टिटवी म्हणजे मनोऱ्यावरच्या नव्या यंत्राचा आवाज. खालून कुणीही कळ दाबून सोडली की यंत्र आपोआप 'टिर्र' करतं, म्हणजे मी चालू आहे, तुमचा आवाज पुढे पोचवतोय. माणूस लागत नाही. टिटवी हे नाव आमच्या पोरांनीच ठेवलं. हिला ते आवडत नाही. घरावरून टिटवी ओरडत गेली की लोक काय समजतात माहीत नाही का, दुसरं नाव मिळालं नाही का तुम्हाला, म्हणाली.

मी थोडा विचार केला. माणसासाठी नियम की नियमासाठी माणूस? पाय मोडून घेण्यापेक्षा हे बरं. तर थंडी संपेपर्यंत असं ठरलं: आठला तळावरून कळ दाबायची, टिटवी ओरडली की हजेरी लागली. वरच्या वहीतही त्यांनी तसंच लिहायचं, वही खोलीतच ठेवायची. मापं फक्त रविवारी. खोलीत जुना हातातला सेट आहेच, काही अडलं तर त्यावरून बोलायचं. लेखी परवानगी काढत बसलो असतो तर उन्हाळा आला असता.

ही माझ्याकडे बघून हसली. गेल्या वर्षभरात इतकी मनापासून हसलेली आठवत नाही.

१९ डिसेंबर

आज तपासणी झाली. आणीबाणी आली असं समजून सराव केला. नियमात वीस मिनिटं आहेत. तेवढ्यात सगळ्या ठाण्यांनी रोजचं चॅनेल सोडून आणीबाणीच्या चॅनेलवर यायचं. आम्ही चौदात आलो. वह्यांची पानं उलटून उलटून तपासणीस दमला, एक रकाना रिकामा सापडला नाही. मोठे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, मास्तर गेल्यावर अशा वह्या कोण ठेवणार. 

फक्त तपासणीसाने जाता जाता एक शेरा मारलाच. कोवळा पोरगा, पण नाकापेक्षा मोती जड. म्हणे डोंगरावरच्या खोलीतल्या जुन्या हातसेटवर फक्त रोजचं चॅनेल आहे. सगळे आणीबाणीच्या चॅनेलवर गेल्यावर रोजच्यावर कोण ऐकणार? कागदावर त्याचं बरोबर आहे, त्यासाठी तळावर दुसरा सेट असतो. तो ऑक्टोबरपासून दुरुस्तीला गेलाय. मी उत्तर लिहून दिलं: सदर ठाण्याची हजेरी नियमित घेतली जाते. यात खोटं काय आहे?

७ जानेवारी

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी जमीन हलली. कपाट माझ्या अंगावर येता येता टेबलाला अडकलं. आमच्या तळावर दोन भिंतींना भेगा, बाकी ठीक. ही अंगणात होती, तिला काही झालं नाही. दरीतल्या गावाची मात्र वाट लागली असं दिसतंय. टेलिफोन बंद, पूल पडलाय.

आम्ही अकरा मिनिटांत आणीबाणीच्या चॅनेलवर होतो. दहा वाजून एकतीस मिनिटांनी रोजच्या चॅनेलवर एकही माणूस उरला नव्हता. सरावातही इतकं जमलं नव्हतं.

दुपारी निघण्याआधी बगळ्याला डोंगराची हजेरी घ्यायला लावली. बगळा म्हणजे आमचा तळावरचा ऑपरेटर, मान लांब आणि काम एका पायावर उभं राहून करतो. त्याने क्षणभर रोजच्या चॅनेलवर फिरवून कळ दाबली. टिटवी ओरडली. जीव भांड्यात पडला. हिला सांगितलं, तुझा भाऊ ठीक आहे, आणि बगळ्याला त्याच्या वहीसकट घेऊन ट्रकमध्ये बसलो.

८ जानेवारी

गावाच्या शाळेच्या मैदानात तंबू टाकलाय. शाळा नाही, मैदान आहे. मनोऱ्यामुळे इथून तळापर्यंत आवाज आरशासारखा स्वच्छ. डॉक्टर, हेलिकॉप्टर, खोदणारी यंत्रं, सगळ्यांचं आणीबाणीच्या चॅनेलवरचं बोलणंही त्या डोंगरावरूनच जातंय. तो मनोरा पडला असता तर आम्ही आंधळे झालो असतो.

सकाळी आठला इथे अक्षरशः झुंबड असते. सगळी पथकं एकदमच काम मागतात. बगळा एकटा, सेट एकच. त्याने विचारलं, मास्तर, डोंगराची हजेरी? मी म्हटलं, टिटवी काही पळून जात नाही. नऊला, साडेनऊला, जमेल तेव्हा कळ दाब. वहीत मात्र आठच लिही, नाहीतर उगाच खुलासे द्यावे लागतात. आज पावणेदहाला घेतली. पाचपैकी पाच.

वरच्या तिघांनी एकदाही मधे तोंड घातलेलं नाही. चॅनेल मोकळं ठेवायचं कळतं त्यांना. बाकीच्या ठाण्यांवरचे लोक काहीबाही विचारून भंडावतायत. माझा विद्यार्थी आहे, वाया गेलेला नाही.

९ जानेवारी

दुपारपासून लोकांसाठी एक फोन सुरू केला. बाहेरगावच्या नातेवाइकांना कळवायला, प्रत्येकी एक मिनिट. रांग गावच्या तळ्यापर्यंत गेली. मला वाटलं होतं लोक रडतील, बरंच काही सांगतील. बहुतेक जण एवढंच म्हणतात, "मी आहे." आणि पलीकडे ऐकलं गेलं की रिसीव्हर ठेवतात. एका शिंप्याने तर तेवढंही म्हटलं नाही, नुसता खोकला. पलीकडे त्याच्या मुलीने खोकला ओळखला.

संध्याकाळी मोठ्या साहेबांनी बोलावलं. उद्या हेलिकॉप्टरची एकच जास्तीची फेरी मिळतेय. एकतर डोंगरावर आमच्या माणसांना बघून यायचं, किंवा नदीपलीकडच्या दवाखान्यातून जखमी उचलायचे.

"मास्तर, वरचे तिघे ठीक आहेत ना? तुम्ही सांगाल तसं."

"ठीक आहेत साहेब," मी म्हटलं. "रोज हजेरी आहे."

साहेबांनी दवाखान्याच्या नावापुढे खूण केली.

त्यानंतर हिचा फोन आला, तळावरून जोडून दिलेला. तिला भावाचा आवाज ऐकायचाय. एकदा, एक मिनिट. मी म्हटलं, लोकांची माणसं मातीखाली आहेत आणि मी बायकोला भावाशी गप्पा मारायला सरकारी सेट देऊ? हजेरी लागतेय, आणखी काय पाहिजे? ती म्हणाली, "बरं." ती 'बरं' म्हणते तेव्हा काहीच बरं नसतं, हे मला अठ्ठावीस वर्षांत कळलंय. पण एकदा घरच्यांसाठी सवलत दिली की दुसऱ्यांना कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं?

१० जानेवारी

दवाखान्यातून अकरा माणसं आणली. एक बाळंतीणही. बरं केलं.

बगळा आज लवकर मोकळा झाला होता, हजेरी आठ वाजून चार मिनिटांनी घेतली. म्हणाला, मास्तर, टिटवीनंतर चॅनेल परत फिरवताना क्षणभर खरखर ऐकू आली, कोणीतरी बोलायला सुरुवात करावी तशी. इकडून खोदकामवाले ओरडत होते म्हणून थांबलो नाही. वहीत लिहू का? मी म्हटलं, जमीन अजून हलतेय, हवेत खरखर असायचीच. शेऱ्यात लिहिलंस तर चौकशी माझ्या गळ्यात. नको लिहूस.

पाय सुजलेत. तीन दिवसांत बूट काढलेले नाहीत.

१२ जानेवारी

आज मोठे साहेब खुशीत होते. पाच दिवसांत संपर्क एक मिनिटही तुटला नाही, असं वरून कौतुक आलंय. डोंगरावरच्या तिघांची नावं बक्षिसासाठी पाठवतो म्हणाले. मी म्हटलं, ही बातमी मीच देतो. साहेब हसले, द्या की.

दुपारी चारला मी रोजच्या चॅनेलवर गेलो आणि त्याला नावाने हाक मारली. टिटवी ओरडली. परत हाक मारली. परत टिटवी. पाच वेळा. झोपला असेल, हातसेट चार्जिंगला लावला असेल, असं म्हणत मी आणखी चार वेळा हाक मारली.

मग बगळ्याला विचारलं, तू वरच्या माणसाचा आवाज शेवटचा कधी ऐकलास? टिटवीचा नाही, माणसाचा. त्याने वहीची पानं मागे उलटली. मग म्हणाला, रविवारी चार तारखेला, मापं सांगितली तेव्हा. मी म्हटलं, काल पण रविवार होता. काल मापं आली नाहीत, मास्तर. मग मापांच्या रकान्यात काय लिहिलंस?

"वरीलप्रमाणे," बगळा म्हणाला.

वर ढग आहेत, हेलिकॉप्टर जाणार नाही. उजाडताच डॉक्टर धरून सहा जण घेऊन चालत निघतोय. हिला काही कळवलेलं नाही. 

१३ जानेवारी

दुपारी एकला पोचलो. आधी माथ्यावर गेलो, कारण वाट तिकडून चांगली उरली होती. सेटची खोली जशीच्या तशी. हिरवा दिवा लागलेला, पंखा फिरतोय, टेबलावर धूळ. आम्ही उभे असताना खालून कुणीतरी कुणाला तरी तंबू मागत होतं, ते त्या यंत्रातून पुढे जात होतं.

एकशे ऐंशीपैकी तीस पायऱ्या शिल्लक आहेत. त्यापुढे दगड.

१४ जानेवारी

लिहितो. रकाना रिकामा ठेवायचा नाही.

स्वयंपाकी आणि बॅटरीवाला पहिल्याच दिवशी, पहिल्याच मिनिटात गेले असं डॉक्टर म्हणतात. खोलीची मागची भिंत बॅटऱ्यांच्या लोखंडी मांडणीवर तिरकी अडकली होती, तिच्याखाली चार हात जागा होती. मेहुणा तिथे होता. डावा पाय दगडाखाली. हाताशी पाण्याचा डबा, रिकामा. पोटावर ठाण्याची वही आणि हातसेट.

काल संध्याकाळी दगड काढल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, कधी? ते माझ्याकडे न बघता म्हणाले, फार वेळ झालेला नाही. मी म्हटलं, मला आकडा सांगा, मला आकड्यांची सवय आहे. बारा तास, म्हणाले. जास्तीत जास्त पंधरा.

म्हणजे मी परवा चार वाजता हाका मारत होतो तेव्हा तो होता.

१५ जानेवारी

त्याच्या वहीतलं इथे उतरवून ठेवतो. वही चौकशीला जाईल.

"७ जानेवारी. १०.४० ते ११.३०. रोजच्या चॅनेलवर हाका मारल्या. टिटवी आली. माणूस नाही. दोघे बोलत नाहीत."

नऊ मिनिटं. दहा एकतीसला आम्ही चॅनेल सोडलं होतं. वीस मिनिटं घेतली असती, नियमात होती तेवढी, तर दहा चाळीसला तिथे कोणीतरी असतं. आम्ही विक्रम केला.

"८ जानेवारी. ८.०० ते ८.०५. टिटवी. माणूस नाही. बॅटरी जपायला हवी. आता फक्त आठला पाच मिनिटं लावणार. आठला दाजी ऐकतातच."

"९ जानेवारी. ८.०० ते ८.०५. टिटवी. माणूस नाही. वर हेलिकॉप्टरचा आवाज, लांब."

"१० जानेवारी. ८.०४. खालून कुणीतरी कळ दाबली. लगेच बोललो. गेले. माझ्या हाताला वेळ लागला, हात गारठलेत."

"११ जानेवारी. ८.०० ते ८.०५. टिटवी. आज रविवार, मापं द्यायची होती. वर जाता येत नाही."

"१२ जानेवारी. बॅटरी संपली. टिटवीही नाही. ताईला सांगा फार दुखत नाही."

पाच दिवस तो टिटवीला हाक मारत होता आणि टिटवी त्याला उत्तर देत होती. पाच दिवस आम्ही टिटवीला हाक मारत होतो आणि टिटवी आम्हाला उत्तर देत होती. एकच यंत्र. दोन्हीकडच्यांना सांगत होतं, सगळं ठीक आहे.

१७ जानेवारी

हिला मी स्वतः सांगितलं. ती स्वयंपाकघरात उभी होती, खाली बसली नाही. सगळं ऐकून घेतलं. पायऱ्यांची सवलत, आठऐवजी साडेनऊ, हेलिकॉप्टर, खरखर, एकेक करून मीच सांगितलं, कारण बाहेरून कळण्यापेक्षा ते बरं. तिने गॅस बंद केला. मग विचारलं, "मी एक मिनिट मागितलं होतं, ते कोणत्या दिवशी?"

"नऊ तारखेला," मी म्हटलं.

ती आतल्या खोलीत गेली. तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. माझं जेवण वाढून ठेवते, कपडे धुते, मी घरात आहे हे तिला माहीत आहे. ती रडली असती, मला टाकून बोलली असती, तर मी कुठेतरी डोकं टेकवलं असतं.

१९ जानेवारी

चौकशी झाली. टेबलाच्या एका बाजूला मोठे साहेब, दुसऱ्या बाजूला तोच तपासणीस, कोवळा पोरगा. त्याचं नाक आज मला बरोबर वाटलं. त्याने दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडल्या. तळाची आणि ठाण्याची. तारखांसमोर तारखा. आमच्या बाजूला सलग: आठ वाजता, पाचपैकी पाच.

साहेब मला वाचवायला बघत होते. यंत्राचं उत्तर हीसुद्धा तांत्रिक अर्थाने हजेरीच, असं काहीतरी म्हणाले. नोंदी पूर्ण आहेत, निष्काळजीपणा दिसत नाही, निवृत्तीला दोन महिने राहिलेत. मी म्हटलं, साहेब, नोंदी पूर्ण आहेत हाच गुन्हा आहे. त्यांनी ते लिहून घ्यायला सांगितलं नाही.

तपासणीस मात्र ठाण्याच्या वहीत बघत राहिला. मग वही माझ्याकडे फिरवली. बारा तारखेची ओळ मी वाचली होती, तिच्यापुढे वाचायचा मला धीर झाला नव्हता, मी पान उलटलंच नव्हतं.

"मास्तर, हे काय आहे?"

तेरा जानेवारी: वरीलप्रमाणे. चौदा जानेवारी: वरीलप्रमाणे. पंधरा. सोळा. अक्षर तिरकं होत गेलंय, वीसनंतर नुसता 'व' आणि एक रेघ, पण प्रत्येक तारखेसमोर काहीतरी आहे. एकतीस जानेवारीपर्यंत, पान संपेपर्यंत.

तपासणीस म्हणाला, मेलेल्या माणसाने पुढच्या तारखा कशा भरल्या? ही वही पुरावा म्हणून चालणार नाही, कोणीतरी नंतर भरलीय.

"त्यानेच भरलीय," मी म्हटलं. "आधी. पुढे भरता येणार नाही हे त्याला कळलं होतं."

"पण कशासाठी?"

"रिकामा रकाना दिसला तर तुम्ही मेलात असं समजेन, असं मी त्यांना शिकवतो."

 साहेब उठून खिडकीशी गेले. चौकशी तिथेच थांबली.

२० जानेवारी

चौकशीचा निकाल आला. कुणाचाही दोष नाही. आठच्या हजेरीला माणसाचा आवाज सक्तीचा केलाय, तेवढा बदल. बगळ्याने बदली मागितली. तिघांची नावं बक्षिसासाठी गेली आहेत.

वही त्यांनी मला परत दिली, घरच्यांची वस्तू म्हणून. मी ती हिच्यासमोर ठेवली. तिने पानं उलटली, बारा तारखेची ओळ बोटाने वाचली, मग पुढचं पान. बोट तेरावर, चौदावर, पंधरावर. आजच्या तारखेवर थांबलं. आजही भरलेलं आहे.

तिने वही उशाशी ठेवली. आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"अजून अकरा दिवस आहेत त्याचे," ती म्हणाली. "तोवर मला काही विचारू नका."